जुन्या हॉरर पिक्चरमधल्या मॉन्स्टरच्या फिगर जमवताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन, ममी, वुल्फमॅन ही मंडळी फिगर म्हणून, म्हणजे हातपाय हलणाऱ्या छोट्या बाहुल्या म्हणून, शेल्फवर आणायची म्हटली की सगळ्यांना साधारण तेच तेच प्रश्न पडतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. माझी मतं मध्ये मध्ये येणार, पटली तर घ्या.

क्लासिक मॉन्स्टर म्हणजे नक्की कोण कोण?

फिगरवाले लोक क्लासिक म्हणतात तेव्हा नव्वद टक्के वेळा त्यांच्या डोक्यात अमेरिकेतल्या युनिव्हर्सल स्टुडिओचे मॉन्स्टर असतात. ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइन दोन्ही १९३१, ममी १९३२, इन्व्हिजिबल मॅन १९३३, ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन १९३५, वुल्फमॅन १९४१ आणि सगळ्यात शेवटी आलेलं शेंडेफळ म्हणजे १९५४ चा क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून, तोच तो खवल्यांचा पाण्यातला बाबा. याच्या आधीचे मूकपटातले दोघंही यात धरतात, १९२३ चा हंचबॅक आणि १९२५ चा फँटम, दोन्ही लॉन चेनी सिनियर.

युनिव्हर्सलच्या बाहेरचे म्हणाल तर जर्मनीचा १९२२ चा नोस्फेराटू, १९३३ चा किंग काँग, इंग्लंडच्या हॅमर कंपनीचा १९५८ चा क्रिस्टोफर लीवाला ड्रॅक्युला, जपानचा १९५४ चा गॉडझिला. गॉडझिला गोळा करणं हे मात्र वेगळंच व्यसन आहे, त्याची जागा, बजेट आणि वेड सगळंच वेगळं, तिकडे मी इथे वळतच नाही.

पहिली फिगर कुठली घेऊ?

जो पिक्चर बघून तुम्हाला खरंच मजा आली त्यातली घ्या. आणि पिक्चर बघितलाच नसेल तर आधी बघा, यातले बरेचसे सव्वा तासाच्या आतबाहेर संपतात, एका संध्याकाळचं काम आहे. हे मी उगाच शहाणपणा म्हणून सांगत नाहीये. पिक्चर बघितला की फिगरचा चेहरा बरोबर आहे का चुकलाय हे तुम्हाला आपोआप कळायला लागतं, आणि या छंदात पैसे वाचवणारी तेवढी एकच गोष्ट आहे. जॉइंट किती, बदलायचे सुटे हात किती जोड्या, सोबत कंदील आहे का हे सगळं नंतर. आधी तोंड बघायचं.

पण सगळे फ्रँकेन्स्टाइन सारखेच तर दिसतात, चेहऱ्यात बघायचं काय?

इथे जरा निवांत लिहितो कारण सगळी मजा इथेच आहे.

हे चेहरे बनवले जॅक पिअर्स नावाच्या मेकअपमनने. सपाट डोकं, पुढे आलेली कपाळपट्टी, मानेतले ते दोन खिळे (ते खरं तर वीज सोडायचे इलेक्ट्रोड), सगळं त्याचं. आणि खाली माणूस कोण, तर बोरिस कार्लॉफ, ज्याचं नाव १९३१ च्या पिक्चरच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत दिलंच नाही, नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. मेकअपला रोज साधारण चार तास लागायचे. पापण्या जड दिसाव्यात म्हणून त्यावर मेण लावलं, ही आयडिया खुद्द कार्लॉफची. त्याच्या तोंडात एका बाजूला दातांचा ब्रिज होता, तो काढून ठेवला की तो गाल आत जायचा, आणि तो खड्डा मेकअपने अजून गडद केला.

आता १९३५ च्या ब्राइडमध्ये मॉन्स्टर बोलतो, त्यामुळे ब्रिज तोंडात ठेवावा लागला, म्हणून त्या पिक्चरमध्ये त्याचे गाल भरलेले दिसतात. शिवाय आधीच्या पिक्चरच्या शेवटी पवनचक्की जळते ना, म्हणून केस जळून आखूड झालेत आणि चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा आहेत. १९३९ च्या सन ऑफ फ्रँकेन्स्टाइनमध्ये अंगात मेंढीच्या कातड्याचं जाकीट. म्हणजे नट तोच, मेकअपवाला तोच आणि तरी तीन वेगळे मॉन्स्टर. चांगली कंपनी असेल तर तिची फिगर कुठल्या पिक्चरमधली आहे हे नुसत्या गालावरून सांगता येतं. कशीतरी केलेली असेल तर १९३१ चं डोकं, १९३५ चे केस आणि कपडे भलतेच, असली भेळ मिळते.

ममीचंही तसंच. १९३२ च्या पिक्चरमध्ये पट्ट्या गुंडाळलेला कार्लॉफ फक्त सुरुवातीला थोडा वेळ दिसतो, त्या मेकअपला आठेक तास लागले म्हणतात आणि पडद्यावर जेमतेम काही मिनिटं. बाकी सगळा पिक्चर तो फेझ टोपी घातलेला, सुरकुतलेल्या कातडीचा इजिप्शियन माणूस म्हणून वावरतो. लोकांच्या डोक्यात जी पाय ओढत चालणारी ममी आहे ती नंतरची, खारिस नावाची, १९४० पासून पुढच्या पिक्चरमधली. फिगर घेताना इम्होटेप (म्हणजे १९३२ ची ममी) आहे का खारिस ते बघून घ्या, दुकानदाराला बहुतेक माहीत नसतं.

आणि डोळे. पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती सगळी रंगवून झाली तरी आखणी करणारा हात वेगळा असतो ना, डोळे चुकले की मूर्ती बसली, तसंच हे आहे. सहा-सात इंची फिगरच्या डोळ्याचा काळा ठिपका केसभर सरकला तरी भीतीदायक ऐवजी चकणा मॉन्स्टर मिळतो. एकाच मॉडेलच्या चार पेट्या समोर असतील तर चारही उचलून डोळे बघा, लाजू नका.

मॉन्स्टर हिरवाच का असतो? पिक्चर तर ब्लॅक अँड व्हाइट आहे.

तेव्हाच्या फिल्मवर चेहरा मेलेल्या माणसासारखा पांढुरका दिसावा म्हणून पिअर्सने हिरवट-करडा रंग फासला होता. म्हणजे सेटवर तो खरोखर हिरवटच होता. १९३९ च्या सेटवरचं एक रंगीत चित्रण आहे, त्यात कार्लॉफ हिरव्या तोंडाने जीभ काढून चाळे करताना दिसतो, शोधून बघाच. पुढे पोस्टर, मास्क, खेळणी यांनी तो हिरवा इतका भडक केला की आता साधा करड्या रंगाचा मॉन्स्टर आणला तर लोक विचारतात याला बरं नाही का.

मग रंगीत घेऊ का ब्लॅक अँड व्हाइट?

नेकासारख्या कंपन्या एकच फिगर दोन्ही प्रकारात काढतात. मी करड्याच्या बाजूचा. त्यात पेंटरला रंगाचा आधार नसतो, नुसत्या सावल्यांवर सगळं उभं करावं लागतं, त्यामुळे जमलेली फिगर एकदम पडद्यावरून उतरल्यासारखी वाटते. फक्त एक आहे, करडी घेतली तर शेजारचीही करडीच लागते, मध्येच एक रंगीत ड्रॅक्युला उभा केला की सगळ्यांचीच शोभा जाते. खर्चाचं बघून ठरवा.

काही ड्रॅक्युला बेला लुगोसीसारखे (१९३१ च्या पिक्चरमधला ड्रॅक्युला) दिसतच नाहीत, कुणीही कोट घातलेला माणूस वाटतो. असं का?

हक्कांचा घोळ. ड्रॅक्युला हे पात्र १८९७ च्या कादंबरीतलं, फ्रँकेन्स्टाइन १८१८ च्या, त्यामुळे नाव कुणीही वापरू शकतो. पण सपाट डोकं आणि खिळेवाला चेहरा युनिव्हर्सलचा. आणि लुगोसीचा चेहरा? त्याच्या वारसांनी युनिव्हर्सलवर केस केली होती, १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की स्वतःच्या चेहऱ्याचा धंदा करायचा हक्क माणसाबरोबरच संपतो, वारसांना मिळत नाही. मग ऐंशीच्या दशकात तिथल्या कायद्यातच बदल झाला आणि मेलेल्या कलाकारांच्या वारसांना तो हक्क मिळाला. त्यामुळे आता लुगोसीचं तोंड हवं तर स्टुडिओचं लायसन्स वेगळं आणि घरच्यांचं वेगळं. ज्याला दोन्ही परवडत नाही तो मधला मार्ग काढतो, केप तीच, भांग तसाच, चेहरा कुणाचाच नाही.

लुगोसी हवा असेल तर बॉक्सवर त्याचं नाव छापलंय का बघा, एवढं सोपं आहे. आणि हो, १९३१ च्या पिक्चरमध्ये लुगोसीचे सुळे एकदाही दिसत नाहीत. त्यामुळे सुळेवाला लुगोसी ही कंपनीने आपल्या मनाने घातलेली भर. मला चालतं, कट्टर लोकांना चालत नाही.

स्केलचं काय? सहा इंची, सात इंची, बारा इंची, डोकं गरगरतं.

पावणेचार इंची म्हणजे जुन्या स्टार वॉर्स खेळण्यांच्या मापाची, स्वस्त, साधी, पाच जॉइंट. सहा इंची म्हणजे ढोबळमानाने एकास बारा, खऱ्या माणसाच्या बाराव्या हिश्श्याएवढी. सात इंची त्याहून थोडी थोराड. आठ इंची म्हणजे मेगो कंपनीची जुनी पद्धत, कापडी कपडे घातलेली बाहुली. बारा इंची म्हणजे एकास सहा, तिथे पैशाचं नाव काढायचं नाही. एक माप धरा आणि त्यावर राहा, नाहीतर ब्राइड नवऱ्यापेक्षा उंच दिसते.

कंपन्या कुठल्या चांगल्या?

आत्ताच्या घडीला पैसे वसूल म्हणाल तर जाडा नावाच्या कंपनीची, सहा इंची. अमेरिकेत साधारण पंचवीस-तीस डॉलरला मिळते आणि जॉइंट इतके मस्त की उभी राहते, वाकते, पडत नाही. नेका सात इंची, थोडी महाग, पण चेहरे आणि सोबत येणारी दोन-तीन डोकी बघितली की कळतं पैसे कुठे गेले. नेकाचे जॉइंट कधीकधी पेटीतूनच अडकलेले येतात, त्यावर खाली लिहिलंय. सुपरसेव्हनच्या रिअॅक्शन मालिकेतल्या पावणेचार इंची मुद्दाम जुनाट दिसणाऱ्या आहेत, डिटेल शोधणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये, पण कार्डावरचं चित्र सुंदर असतं. मेझ्कोच्या कापडी कपडेवाल्या एकास बारा भारी असतात आणि किंमतही तशीच. डायमंड सिलेक्टच्या जुन्या फिगर पुतळ्यासारख्या, हलत फारशा नाहीत पण बेस झकास.

कापडी कपडे बरे का प्लास्टिकचे कोरलेले?

लहान मापात कोरलेले, मोठ्या मापात कापडी. सहा इंचीवर कापडाची शिवण माणसाच्या मापाने बघितली तर दोरखंडाएवढी दिसते. अपवाद ड्रॅक्युलाची केप, ती कापडी आणि कडेला तार असलेली असेल तर पाहिजे तशी उडवता येते.

हे खेळण्यांचं वेड कधी सुरू झालं? जुन्या फिगर मिळतात का?

पिक्चर बहुतेक तीसच्या दशकातले पण खेळणी आली पार नंतर. १९५७ मध्ये युनिव्हर्सलचे जुने हॉरर पिक्चर एकगठ्ठा अमेरिकन टीव्ही स्टेशनांना विकले गेले, रात्री उशिरा लागायचे, आणि ज्या पोरांनी ते थिएटरात बघितलेच नव्हते ती पोरं वेडी झाली. १९५८ मध्ये त्यांच्यासाठी फेमस मॉन्स्टर्स नावाचं मासिक निघालं. १९६१ मध्ये ऑरोरा कंपनीने फ्रँकेन्स्टाइनचं प्लास्टिक मॉडेल किट काढलं, स्वतः चिकटवा आणि रंगवा, ते तुफान चाललं आणि मागून बाकी सगळे आले. त्या किटच्या नव्या आवृत्त्या वेगवेगळ्या कंपन्या अजून काढतात, रंगवायची हौस असेल तर हा सगळ्यात स्वस्त दरवाजा.

सत्तरच्या दशकात मेगोने मॅड मॉन्स्टर्स काढले, आठ इंची, अंधारात चमकणारे डोळे आणि हात, पण युनिव्हर्सलचं लायसन्स नव्हतं. लायसन्सवाले होते एएचआय कंपनीचे, त्याच मापाचे. १९८० च्या आसपास रेम्कोचे नऊ इंची आणि पावणेचार इंची. डिटेलचा जमाना खरा सुरू झाला तो नव्वदच्या शेवटी साइडशोच्या आठ इंची मालिकेपासून, तिथे पहिल्यांदा मास मार्केटच्या खेळण्यात कार्लॉफ कार्लॉफसारखा दिसला.

जुन्या मेगो-रेम्को बाहेरच्या लिलावात मिळतात, पण कपडे, बूट, हात यातलं काहीतरी नंतर बनवलेलं असतं. हल्ली रिप्रो (म्हणजे नंतर नक्कल करून बनवलेले) पार्ट इतके हुबेहूब येतात की फोटोवरून ओळखणं कठीण. विकणाऱ्याला सरळ विचारा, कुठला पार्ट मूळचा आणि कुठला रिप्रो, आणि उत्तर लेखी घ्या. आणि मेगो नावाने २०१८ पासून नव्या फिगरही निघाल्यात, त्या जुन्या म्हणून कुणी गळ्यात मारत नाही ना ते बघा.

भारतात मागवायच्या कशा? कस्टम किती लागतं?

दुखरी नस. फेब्रुवारी २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची मूळ ड्युटी २० टक्क्यांवरून ६० टक्के केली आणि २०२३ मध्ये ७०. त्यावर जीएसटी. वरून १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला, त्यामुळे दुकानदारांनी बाहेरचा माल आणणं खूप कमी केलं. आणि गिफ्ट म्हणून पाठव रे, पाच हजारांपर्यंत माफ असतं, हा जुना सल्ला अजून फिरतोय, तो विसरा, ती सूट डिसेंबर २०१९ मध्येच गेली, राखी आणि जीव वाचवणारी औषधं सोडून. कुरिअरने घरी मागवलेल्या पार्सलचा हिशोब वेगळ्या दराने होतो आणि तो बजेटगणिक बदलतो, म्हणून ऑर्डर टाकायच्या आधी त्या महिन्याचा दर बघा आणि फिगरची किंमत अधिक शिपिंग अशा एकूण रकमेवर तो लावून बघा. बऱ्याचदा शिपिंगच फिगरएवढं असतं.

त्यामुळे आपल्याकडे खरी पद्धत एकच, न्यू जर्सीतला मावसभाऊ. सुट्टीला येताना त्याच्या बॅगेत लोणच्याची रिकामी झालेली जागा असते, तिथे दोन फिगर बसतात. फक्त त्याला आधी सांगा की बॉक्स चेपला तर चालेल का नाही, आणि एका माणसाच्या गळ्यात दहा घालू नका. बाकी मुंबई कॉमिक कॉनला स्टॉलवर कधीमधी एखादा मॉन्स्टर दिसतो, पण तिथे सुपरहिरो आणि अॅनिमेचं राज्य, मॉन्स्टर कोपऱ्यात, त्यामुळे घासाघीस होऊ शकते.

डुप्लिकेट कशी ओळखायची?

उग्र वास, चकाकणारं प्लास्टिक, बॉक्सवरची पुसट छपाई. ओरिजिनलच्या पायाखाली किंवा पाठीवर कंपनी आणि कॉपीराइटच्या बारीक ओळी कोरलेल्या असतात, डुप्लिकेटमध्ये त्या गायब किंवा घासलेल्या. किंमत निम्म्याहून कमी असेल तर कारण शोधायची गरजच नाही.

बॉक्स उघडू का तसाच ठेवू?

उघडा. नेका, जाडाच्या हल्लीच्या बॉक्सना पुढे फ्लॅप असतो, आतला ट्रे सरकतो, काहीही न फाडता फिगर बाहेर येते आणि परत जाते. जुनं कार्डावरचं सीलबंद असेल तर मात्र हात लावू नका, तिथे अर्धी किंमत कार्डाची असते. एएफएसारख्या संस्था अशा वस्तूंना ग्रेड देऊन अॅक्रिलिकच्या डब्यात बंद करून देतात, तो खेळ वेगळा, मला त्यात रस नाही.

जॉइंट अडकलाय, जोर लावू?

अजिबात नाही. हेअर ड्रायर किंवा गरम पाणी (उकळतं नको), अर्धा-एक मिनिट, मग हळूच हलवायचं. मऊ पडलं की फिरतं. तरी कुरकुरत असेल तर सिलिकॉन ऑइलचा थेंब. खोबरेल लावू नका, ते खवट होतं आणि धूळ धरतं.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची? माझी वुल्फमॅन चिकट झालीये.

चिकटपणा म्हणजे पीव्हीसी मऊ ठेवणारं जे केमिकल असतं ते बाहेर झिरपतंय, हवाबंद डब्यात आणि उकाड्यात हे जास्त होतं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, सावलीत वाळवणं, बास. मग थोडी हवा खेळती राहील अशा ठिकाणी ठेवा.

मुंबई-कोकणात दुसरा शत्रू म्हणजे नकली लेदर. महागड्या बारा इंची फिगरचे बूट, पट्टे, कोट बऱ्याचदा त्याचे असतात आणि दमट हवेत काही वर्षांनी त्याचे पापुद्रे निघतात, त्यावर इलाज नाही. म्हणून आपल्या हवेत कोरलेले कपडे घ्या असं मी सांगतो. कापडी केप असेल तर शेल्फमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि मध्ये मध्ये बदला, बुरशी ड्रॅक्युलाला सुद्धा सोडत नाही. विदर्भ-मराठवाड्यात उलटा त्रास, एप्रिल-मेमध्ये पीव्हीसीचे पाय वाकतात आणि फिगर हळूहळू पुढे झुकते, तिथे स्टँड लावाच. ऊन सगळीकडेच वाईट, रंग उडतो आणि पांढरं पिवळं पडतं, ममी आणि ब्राइडच्या गाऊनवर लगेच दिसतं.

ब्राइडची फिगर इतकी कमी का वापरली जाते पोजमध्ये?

कारण ती पिक्चरमध्ये फक्त शेवटच्या काही मिनिटांत येते, करायचं काय हेच लोकांना सुचत नाही. मान झटक्यात वळवा आणि तोंड उघडं असलेलं डोकं लावा. ब्राइड झालेल्या एल्सा लँचेस्टरने ते फिस्कारणं राजहंसांवरून उचललं होतं. केसांचा तो मनोरा इजिप्तच्या नेफर्टिटीवरून घेतलेला.

क्रीचर कुणी डिझाइन केला?

मिलिसेंट पॅट्रिक नावाच्या बाईने. १९५४ मध्ये प्रसिद्धीसाठी तिला दौऱ्यावर पाठवलं आणि मेकअप विभागाचा प्रमुख बड वेस्टमोरला तिला मिळणारं कौतुक खुपलं, श्रेय त्याच्या नावावर राहिलं आणि तिचं काम सुटलं. बॉक्सवर तिचं नाव असायला पाहिजे असं मला वाटतं. फिगर घेताना कल्ले आणि ओठ बघा, मासा आणि माणूस यांच्या बरोबर मध्ये राहिला पाहिजे, बेडूक झाला की फसलं. आणि सूटमध्ये दोन माणसं होती, जमिनीवर बेन चॅपमन आणि पाण्याखाली रिकू ब्राउनिंग, त्यामुळे पोहण्याच्या पोजमध्ये ठेवलात तर तो ब्राउनिंग समजायचा.

आपल्या रामसेंच्या मॉन्स्टरची फिगर मिळते का? पुराना मंदिरचा सामरी?

दुकानात जाऊन घ्यावी अशी नाही. हौशी लोक दुसऱ्या फिगरच्या अंगावर डोकं कोरून बसवतात, एपॉक्सी पुट्टी आणि अॅक्रिलिक रंग, बरंच जमतं. थ्रीडी प्रिंटवाल्याकडूनही डोकं करून घेता येईल. १९८४ च्या पिक्चरची अशी फिगर कुणी लायसन्स घेऊन काढली तर पहिल्या दिवशी रांगेत मी आहे.

घरचे म्हणतात भुताखेतांच्या बाहुल्या घरात नको. काय सांगू?

देवघराच्या समोरच्या भिंतीवर ठेवू नका, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. उरलेली अर्धी किंमत न सांगितल्याने.

लहान मुलांना द्यायच्या का?

बारीक हात, कंदील, काठ्या सुटे असतात, तोंडात जातात. बॉक्सवर वय छापलेलं असतं ते वाचा. पोराला द्यायचीच असेल तर पावणेचार इंची साधी द्या, पडली तरी काही तुटत नाही.

पुढे किंमत वाढेल का? गुंतवणूक म्हणून घेऊ?

नवीन फिगर गुंतवणूक म्हणून घेऊ नका. कंपनी तोच साचा परत काढते, रंग बदलून काढते, चमकणारी आवृत्ती काढते आणि तुमची जुनी आहे तिथेच राहते. काही काळ स्टॉक संपला की भाव उडतो, लोक घाईने दुप्पट देतात आणि सहा महिन्यांत रीइश्यू येतो. थांबा. मॉन्स्टर नव्वद वर्षं टिकलेत, कुठे पळून जात नाहीत.

विकायची वेळ आलीच तर सगळे सुटे हात आणि डोकी छोट्या झिपच्या पिशवीत, पिशवीवर फिगरचं नाव, आणि बॉक्स चपटा करून का होईना ठेवलेला असू द्या. फोटो काढताना चेहऱ्याचा जवळून एक काढा, घेणारा पहिला तोच मागतो.